दोन पानांमधला तांब्या

मगदूम अण्णांनी नकाशांची गुंडाळी माझ्या टेबलावर टाकली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “जमतंय का बघ. नसलं जमत तर आत्ताच सांग, शनिवारी सांगू नको.”

मंगळवार होता. टेंडरची पेटी शनिवारी अकराला बंद होणार होती. तासगाव रस्त्यावरच्या एका शिक्षणसंस्थेचं मुलींचं वसतिगृह. तीन मजले, चौऱ्याऐंशी खोल्या.

“नदाफचाचा कधी येणार?” मी विचारलं.

“त्याच्या डोळ्याला पट्टी आहे. दहा दिवस कागदाकडं बघायचं नाही म्हणलाय डॉक्टर.” अण्णांनी खिशातून सुपारी काढली. “हे बघ नीला, तुला येऊन सहा महिने झाले. ठरल्याप्रमाणं महिनाअखेरीला बघायचं होतं, ते आता बघू. हे अंदाजपत्रक जमलं तर नदाफच्या शेजारचं टेबल तुझं. नाही जमलं तर सोमवारपासून फोनवर बस. फोनवरची पोरगी लग्न होऊन चाललीच आहे.”

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची, सांगलीतली. मी तेवीस वर्षांची होते. सिव्हिलच्या डिप्लोमाच्या वर्गात चाळीस मुलगे आणि मी. तीन वर्षं तिरप्या नजरा झेलून तो कागद मिळवला होता, आणि तो काही ‘हॅलो, मगदूम कन्स्ट्रक्शन’ म्हणायला नव्हे. म्हणून अण्णांना म्हटलं, “जमतंय.” जिभेला काय, हाड थोडंच असतं.

जमत काहीच नव्हतं. नदाफचाचा म्हणजे आमच्या ऑफिसातला अंदाजाचा राजा. तीस वर्षं तेच करत आलेले. त्यांची पद्धत अशी, की आधी सगळ्या इमारतीची खुदाई मोजायची, मग सगळं काँक्रीट, मग सगळ्या विटा, मग सगळा गिलावा, असं करत करत शेवटच्या बिजागरीपर्यंत जायचं. वही जाडजूड व्हायची, पंधरा दिवस लागायचे, पण खिळा सुटायचा नाही. मी मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत त्याच पद्धतीनं बसले. खुदाई झाली, काँक्रीट निम्मं झालं. हिशेब करून बघितला. या चालीनं मी पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला पोचणार होते.

घरी आले ती तोंड पाडूनच. रात्री जेवण गेलं नाही. आईनं दोनदा विचारलं, मी दोनदा खेकसले.

बुधवारी सकाळी सातला आप्पांनी हाक मारली. “नीले, वही आण गं. कवठ्याच्या लग्नाची यादी लिवायची हाय.”

माझे वडील, मल्लाप्पा कोष्टी. पंचक्रोशीत मल्लू आचारी. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळं चौथीपासून त्यांच्या सगळ्या याद्या मी लिहीत आले. ऑफिसात मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं. नोकरीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढं मी ‘व्यापार’ असं ठोकून दिलं होतं, आणि अण्णांनी कसला म्हणून विचारल्यावर ‘किराणा’ म्हटलं होतं. का म्हटलं ते आता विचारू नका. कॉलेजात एकदा एका मुलाच्या बहिणीच्या लग्नात आप्पा धोतर खोचून झारा घेऊन उभे होते आणि वर्गातल्या चौघांनी मला ओळखलं होतं. त्यानंतर आठवडाभर माझ्या बाकावर कुणी ना कुणी ‘वरण’ लिहून ठेवायचं. तेव्हापासून मी व्यापाऱ्याची मुलगी झाले.

वही घेऊन बसले. आप्पा उंबऱ्यावर चहा पीत होते.

“किती पानं?” मी विचारलं.

“सहाशे. मीठ लिव.”

“आप्पा, दर वेळी मिठापासूनच का हो?”

“वाढताना पहिलं काय पडतं पानात?”

“मीठ.”

“मग? पान डोळ्यापुढं आणायचं आन् वाढत जायचं. डाव्या अंगाला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग उजवीकडनं भाजी, मग मधी भात, वरण, तूप, बुंदी. शेवटाला पत्रावळ, द्रोण, जळण, काड्याची पेटी. जे पानात न्हाई ते यादीत न्हाई, आन् जे पानात हाय ते सुटत न्हाई. भात कुणी इसरत न्हाई गं. इसरतात ते डाव्या अंगाचं. शंभर पानाला लिंबं पंचवीस, लिव दीडशे.”

दहा मिनिटांत सहाशे माणसांचं लग्न कागदावर उतरलं. त्यांनी तांदूळ एकदा, डाळ एकदा असं सगळ्या लग्नाचं कधी मोजलंच नव्हतं. त्यांना शंभर पानं पाठ होती. बाकी सगळं पट.

मी वहीकडं बघत बसले. आप्पा म्हणाले, “काय गं, पेन संपलं का?”

“नाही,” मी म्हटलं आणि चहा तसाच टाकून बसस्टँडकडं सुटले.

ऑफिसात येऊन कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं, ‘खोली, एक’. डोळे मिटून दारात उभी राहिले. पायाखाली उंबरा, त्याखाली जोतं, त्याखाली पाया. दाराची चौकट, फळी, बिजागऱ्या तीन, कडी, कोयंडा. भिंतीच्या विटा, विटांमधला माल, आतून गिलावा, त्यावर चुना. खिडकी, तिच्यावरचा लिंटेल, गज, रंग. खाली फरशी, फरशीखालची भर, कडेची पट्टी. वर स्लॅब, त्यातली सळई. मग डाव्या अंगाचं: पंख्याचा हूक, गवंड्याच्या पराती, परांचीचे बांबू, भिंतींवर आठ दिवस मारायचं पाणी. एका खोलीला काय काय लागतं ते सगळं एका कागदावर आलं. तसाच एक कागद न्हाणीघराचा, एक दहा फूट व्हरांड्याचा, एक जिन्याचा. चार पानं झाली. बुधवार त्यात गेला. गुरुवारी फक्त गुणाकार.

गुरुवारी संध्याकाळी कागद अण्णांपुढं ठेवले, तेव्हा त्यांनी ते उलटेपालटे केले, खाली काही पडलंय का बघितलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“नदाफची वही वीतभर जाड होते. ही काय लाँड्रीची पावती आहे का?”

“यात सगळं आहे, अण्णा. एक खोली बरोबर मांडली की चौऱ्याऐंशी मांडल्या.”

“आणि एक चुकली की?” अण्णा म्हणाले.

मी कागदांच्या कडा जुळवायला लागले.

“उद्या मिरजेला जा आणि नदाफला वाचून दाखव. तो हो म्हणाला तर टाकू. नाही म्हणाला तर हे टेंडर सोडलं, आणि बाकीचं आपलं ठरलंय.”

शुक्रवारी चार वाजता मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचले. नदाफचाचा खाटेवर बसून होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला, हातात सोललेलं मोसंबं.

“चाचा, मी नीला.”

“बस बेटी. अण्णांचा फोन आला होता. काहीतरी जादू केलीस म्हणे. वाच.”

मी खोलीचं पान वाचायला लागले. चाचा हवेत बोट फिरवत होते, त्या खोलीतच हिंडत असल्यासारखे. मधेच थांबवायचे. “खिडकीला गज धरलेस?” धरले होते. “पंख्याचा हूक?” होता. “पाणी मारायचं?” तेही होतं. एकदा हसले. “माझ्याकडून दोन कामांवर पंख्याचे हूक राहिले होते. मग पोरं स्लॅब फोडत बसली. तुझं कसं नाही राहिलं?”

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. ते टेबल मिळालंच असं मनात येऊन गेलं, खुर्चीला उशी कुठली घ्यायची इथपर्यंत मी पोचले.

“आता भिंती,” चाचा म्हणाले. “खोलीला भिंती किती?”

“चार.”

“शेजारच्या खोलीला?”

“चारच की.”

चाचांनी मोसंब्याची फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. मग विचारलं, “मधली भिंत कुणाची?”

हातातला कागद मला एकदम जड झाला. एका ओळीत चौदा खोल्या. प्रत्येक खोलीला मी डावी-उजवी अशा दोन भिंती दिल्या होत्या. म्हणजे प्रत्येक मधली भिंत दोनदा बांधली होती, एकदा या खोलीसाठी आणि एकदा त्या. चौऱ्याऐंशी खोल्या, एकशे अडुसष्ट भिंती. आमचा आकडा एवढा फुगला असता, की पेटी उघडल्यावर लोक हसले असते.

“गेलं सगळं,” मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि चाचांना दिसत नाहीये याचं मला बरं वाटलं.

“रडू नको,” चाचा म्हणाले. “मला एक सांग. ही अशी खोली-खोली करून मांडायची अक्कल कुठल्या पुस्तकातली? मी तीस वर्षांत बघितली नाही.”

पुस्तकातली म्हणून सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्या मिटलेल्या डोळ्यांपुढं खोटं निघेना.

“माझे वडील आचारी आहेत, चाचा. ते पानावरून यादी करतात. एक पान मांडायचं आणि पटीत वाढवायचं.”

“अण्णा तर किराणा म्हणत होते.”

“मी खोटं सांगितलं होतं.”

चाचांनी उरलेलं मोसंबं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “असू दे. ते तुझं तू अण्णांशी बघ, मी नाही सांगणार. पण अर्धीच विद्या उचलून आणलीस. तुझ्या वडलांच्या पंगतीत दोन पानांच्या मधे काही असतं का नाही?”

असतं. तांब्या असतो.

मी सात वर्षांची असताना एका मुंजीत आप्पांनी मला तांबे मांडायला लावलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात प्रत्येक पानापुढं एक तांब्या ठेवत गेले आणि निम्म्या पंगतीतच तांबे संपले. आप्पा लांबून बघत हसत होते. मग जवळ येऊन म्हणाले होते, “आगं येडे, दोन पानांत एक. आन् पंगतीच्या टोकाला एक जादा, न्हाईतर शेवटचा तहानला राहतो.” बाई गं, सोळा वर्षांनी मी तीच चूक करून बसले होते, आणि या खेपेला विटांनी.

“चाचा,” मी म्हटलं, “दोन खोल्यांत एकच भिंत. आणि ओळीच्या टोकाला एक जादा.”

“मग बघ करून.”

“चौदा खोल्यांना पंधरा भिंती. ओळी सहा. म्हणजे नव्वद.”

“आणि तू धरल्यास?”

“एकशे अडुसष्ट.”

“या अल्लाह,” चाचा म्हणाले, पण तोंडावर हसू होतं. “अठ्ठ्याहत्तर भिंती जादा. त्यात शेजारी आणखी एक वसतिगृह झालं असतं. बरं, गिलाव्याचं काय करणार? तोही निम्मा करणार?”

मला हसूच आलं. “नाही. तांब्या एक, पण फुलपात्रं दोन. ज्याचं त्याला. गिलावा दोन्ही अंगांना, तो खोलीच्याच पानावर राहणार.”

“तुझे वडील कुठं भेटतात?” चाचांनी विचारलं.

तिथंच खाटेच्या कडेला बसून दुरुस्ती केली. चाचांच्या पद्धतीनं विटा मोजल्या असत्या, तर वहीची निम्मी पानं खोडावी लागली असती. मला खोलीचा एकच कागद बदलायचा होता. एक आडवी भिंत काढली, सहा ओळींच्या टोकांच्या सहा भिंती वेगळ्या लिहिल्या, पुन्हा पट केली. पाच वाजून चाळीस मिनिटांनी काम संपलं. चाचांनी कागदावर सही करायला हात पुढं केला, मी त्यांच्या बोटांत पेन दिलं आणि जागा दाखवली. सही कागदाबाहेर अर्धी चादरीवर गेली.

शनिवारी लिफाफा पेटीत पडला. दुपारी पेटी उघडली. पाच जणांत आमचा आकडा सगळ्यात कमी होता, आणि दुसऱ्या नंबरचा आमच्यापेक्षा थोडासाच वर, म्हणजे आम्ही तोट्यात जाऊन काम घेतलेलं नाही हेही अण्णांना कळलं. सोमवारी मी ऑफिसात आले तेव्हा नदाफचाचांच्या शेजारी एक टेबल ठेवलेलं होतं. त्याला एक पाय तोकडा होता, खाली विटेचा तुकडा सरकवलेला. मी त्या टेबलावरून दोनदा हात फिरवला. कुणी बघत नव्हतं.

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. नवीन मुलं कॉम्प्युटरवर हेच करतात आणि त्याला ‘असेंब्ली’ म्हणतात. भिंतीवर एक टिचकी मारली, की विटा, सिमेंट, वाळू, मजुरी सगळं आपोआप बाहेर पडतं. माझ्याकडची मुलं मात्र त्याला पान म्हणतात. नवीन आलेला विचारतो, पान का? मग त्याला मी एक दिवस जेवायला नेते.

पण त्या वर्षीचं एक सांगायचं राहिलं. वसतिगृहाचा दुसरा स्लॅब पडायचा होता. स्लॅबच्या दिवशी सगळ्यांना गोड जेवण घालायचा अण्णांचा रिवाज होता. आदल्या आठवड्यात ते म्हणाले, “दोनशे पानं होतील. कुणी बरा आचारी बघा रे.”

चाचांची पट्टी केव्हाच सुटली होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. शब्द पाळला होता त्यांनी. आता माझी पाळी होती.

“अण्णा, माझे वडील आचारी आहेत.”

“तुझ्या वडलांचा तर किराणा आहे.”

“किराणा ते आणतात. विकत नाहीत.”

अण्णांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. चाचांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “ती चार पानं…” एवढंच म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, “बुंदी कळीदार करतात का?”

“करतात.”

“मग त्यांना निरोप दे.”

स्लॅब दुपारी तीनला संपला. खालच्या मजल्याच्या खोल्या तयार होत्या, व्हरांड्यात पंगत बसणार होती. आप्पा कपाळाचा घाम पुसत आले आणि पहिल्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत डोकावले. मग बाहेर येऊन दुसऱ्या खोलीत गेले. भिंतीवर हाताची थाप मारली, पुन्हा पहिल्या खोलीत येऊन त्याच भिंतीवर या बाजूनं थाप मारली.

“एकच हाय व्हय गं ही?”

“एकच. दोघींत एक.”

“आन् टोकाला?”

“टोकाला एक जादा.”

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले आणि धुराला शिव्या घालत चुलीकडं गेले. चूल तिकडं लांब, मोकळ्या मैदानात होती.

पंगत बसली. गवंडी, सेंट्रिंगवाले, खडीवाल्या बाया, सगळे एका ओळीत. मी वाढायला उठले तर आप्पांनी बोटानं खाली बस म्हणून खुणावलं. मी चाचांच्या शेजारी बसले. आप्पा स्वतः वाढायला आले. माझ्या पानात डाव्या अंगाला मीठ ठेवलं, लिंबाची फोड ठेवली. आसपास चाळीस लोक बघत होते आणि मला कुणाचीही लाज वाटली नाही. उलट, सगळ्यांनी नीट बघावं असं वाटत होतं.

मग त्यांनी एक तांब्या आणून माझ्या आणि नदाफचाचांच्या पानांच्या मधे ठेवला, पुढं दोघांत एक असे ठेवत गेले. पंगतीच्या टोकाला अण्णा बसले होते. त्यांच्यापाशी आप्पा थांबले, आणि त्यांच्या पलीकडं एक जादा ठेवला.